ताशी सातशे किलोमीटरचा पाऊस

जुलै महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर उतरलेला माणूस जिवंत घरी परततो, ही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने नवलाची गोष्ट आहे. दहावीच्या पुस्तकातले मुक्त पतनाचे सूत्र घ्या आणि हिशेब करून पाहा. ढगात दोन किलोमीटर उंचीवर एक थेंब तयार झाला आणि तिथून सुटला. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले ९.८ गुणिले उंची. २ × ९.८ × २००० = ३९,२००. याचे वर्गमूळ १९८. म्हणजे थेंब जमिनीवर येताना सेकंदाला १९८ मीटर, ताशी ७१३ किलोमीटर वेगाने आला पाहिजे, आणि तोही फक्त वीस सेकंदांत. छऱ्याच्या बंदुकीतून छर्रा साधारण याच वेगाने सुटतो.

आता छऱ्यांची संख्या मोजू. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब हा पावसातला सर्वसाधारण थेंब धरला, तर एक सेंटीमीटर पावसात एका चौरस मीटरवर सुमारे २४ लाख थेंब पडतात. एका गुंठ्यावर २४ कोटी. गगनबावड्यात एक सेंटीमीटर पाऊस ही बातमीसुद्धा होत नाही. इथे वर्षाला पाच मीटरहून अधिक पाऊस पडतो. ताशी ७१३ किलोमीटर वेगाचा हा मारा खरोखर झाला असता, तर छत्रीच काय, कौले, उसाची पाने, गुरांच्या पाठी, काहीच शाबूत राहिले नसते.

प्रत्यक्षात दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटर वेगाने येतो, ताशी २३ किलोमीटर. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंबही सेकंदाला ९.१ मीटरच्या पुढे जात नाही, ताशी ३३ किलोमीटर. अमेरिकेत गन आणि किन्झर या दोघांनी १९४९ साली थेंबांचे वेग काटेकोर मोजले. ते आकडे आजही वापरात आहेत. ७१३ आणि ३३ यांतला फरक हवेने खाल्ला. शाळेतल्या गणितात ‘हवेचा रोध विचारात घेऊ नका’ असे सांगून जी बाजूला काढतात, तीच ही हवा.

वीस मीटरांत खेळ खलास

हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट, तिप्पट झाला की नऊपट. थेंब सुटतो तेव्हा त्याच्यावर फक्त वजनाची ओढ असते. वेग वाढेल तसा खालून रेटा वाढत जातो. एका क्षणी रेटा आणि वजन सारखे होतात आणि तिथून पुढे वेग वाढायचा थांबतो. याला अंतिम वेग म्हणतात. मधल्या प्रवासाचे समीकरण असे आहे:

त्वरण = ९.८ × [१ − (वेग ÷ अंतिम वेग)²]

हे सोडवायला कलनशास्त्र येत असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. वही घ्या आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या पावलांनी चला. अंतिम वेग ९.१ धरू. सुरुवातीला वेग शून्य, त्वरण पूर्ण ९.८. ०.१ सेकंदानंतर वेग ०.९८. आता कंसात घाला: त्वरण ९.६९ झाले. पुढच्या पावलानंतर वेग १.९५, त्वरण ९.३५. त्याच्या पुढच्या पावलाला वेग २.८८. असे तीस वेळा केले की तीन सेकंद होतात. कलनशास्त्राने तेच उत्तर एका ओळीत मिळते. त्यात हायपरबोलिक टँजंट नावाचे फलन येते आणि ते सायन्टिफिक कॅल्क्युलेटरवर असते. पाच मिलिमीटरच्या थेंबासाठी आकडे असे येतात:

अर्ध्या सेकंदाला: हवा नसती तर ४.९ मीटर प्रतिसेकंद, प्रत्यक्षात ४.५.
एका सेकंदाला: हवा नसती तर ९.८, प्रत्यक्षात ७.२.
दोन सेकंदांना: हवा नसती तर १९.६, प्रत्यक्षात ८.९.
तीन सेकंदांना: हवा नसती तर २९.४, प्रत्यक्षात ९.०७.

तीन सेकंदांत थेंब सुमारे २१ मीटर खाली आला, सात मजली इमारतीएवढा. दोन किलोमीटरच्या प्रवासातला हा जेमतेम एक टक्का, आणि एवढ्यातच त्याने आपला जवळजवळ सगळा वेग गाठला. उरलेले १,९७९ मीटर तो एकाच वेगाने उतरतो. वर हवा विरळ असल्याने तिथे तो किंचित जास्त वेगात असतो, इतकाच फरक. म्हणून पाऊस एक किलोमीटरवरून पडो की चार किलोमीटरवरून, खाली छत्रीवर बसणारा दणका सारखाच. वीस सेकंदांचा प्रवास मात्र पावणेचार मिनिटांचा होतो.

हा प्रश्न न्यूटनलाही पडला होता. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’चा दुसरा खंड बराचसा माध्यमाच्या रोधावरच आहे. जून १७१० मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या आतून २२० फुटांवरून काचेचे पोकळ गोळे सोडण्यात आले. काहींत पारा भरलेला, काहींत नुसती हवा. पाऱ्याचे गोळे चार सेकंदांत फरशीवर आदळले, हवेच्या गोळ्यांना सुमारे आठ सेकंद लागले. १७१९ मध्ये देझागुलिये या शास्त्रज्ञाने तिथूनच २७२ फुटांवरून शिशाचा गोळा आणि डुकराच्या मूत्राशयाचे फुगवलेले गोळे सोडले. शिसे सव्वाचार सेकंदांत खाली, फुगे पंधरा सेकंदांनंतरही हवेतच.

तरंगणाऱ्या कणापासून किलोभर गारेपर्यंत

खरी गंमत आकार बदलला की सुरू होते. कोकणातून येणारे वारे करूळ आणि भुईबावडा घाटांच्या भिंतीला धडकून वर चढतात, थंड होतात, ढग बनतो. ढगातला पाण्याचा कण साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो. इतक्या लहान कणाला हवा काकवीसारखी दाट वाटते. इथे वर्गाचा नियम चालत नाही, जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेला नियम चालतो: रोध थेट वेगाच्या प्रमाणात. त्या कणाचा अंतिम वेग येतो सेकंदाला सव्वा सेंटीमीटरच्या आसपास. एक किलोमीटर खाली यायला त्याला जवळजवळ २३ तास लागतील, आणि तेवढा वेळ कोणी त्याला देत नाही. घाट चढणारा हलका वाराही त्याला सहज वर उचलून धरतो. ढग पडत नाही तो यामुळे. पडायचे असेल, तर कणांना एकत्र यावे लागते. दोन मिलिमीटरच्या एका थेंबात असे दहा लाख कण असतात.

दहा लाख कण एकत्र आले की वेग सव्वा सेंटीमीटरवरून साडेसहाशे सेंटीमीटरवर जातो, पाचशेपटींहून अधिक. पण थेंब हवा तितका मोठा होत नाही. जसजसा तो वाढतो तसतसा खालच्या हवेच्या दाबाने चपटा होत जातो. चित्रात काढतात तसा निमुळत्या टोकाचा थेंब आभाळात नसतो. मोठा थेंब खालून सपाट आणि वरून फुगीर असतो. सहा मिलिमीटरच्या आसपास पृष्ठताण हार खातो आणि थेंब फुटतो. म्हणजे हवा पावसाला दोनदा वेसण घालते: आधी वेगाला, मग आकारालाही.

गारेला ही दुसरी वेसण नाही, कारण बर्फ फुटत नाही. वळवात गारा पडतात तेव्हा पत्र्यांचा आवाज ऐकून हे कळतेच, आकडे आणखी बोलके आहेत. एक सेंटीमीटरची गार सेकंदाला सुमारे १३ मीटर वेगाने येते, पाच सेंटीमीटरची सुमारे २९ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. व्यास पाचपट झाला की वजन १२५ पट होते, वेगाचा वर्ग पाचपट होतो, आणि आघाताची ऊर्जा ६२५ पट! बागायतदाराचे नुकसान गारांच्या संख्येपेक्षा गारांच्या आकारावर ठरते ते याच कारणाने. १४ एप्रिल १९८६ रोजी बांगलादेशातल्या गोपालगंज भागात एक किलोहून थोड्या अधिक वजनाच्या गारा पडल्या. त्या वादळात ९२ माणसे दगावली.

माणूसही याच नियमाने पडतो. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये पट्टायाला नऊवारी नेसून सुमारे १३,००० फुटांवरून उडी घेतली. हवा नसती तर तेवढ्या उंचीवरून माणूस ताशी हजार किलोमीटर वेगाने खाली आला असता. हवेमुळे पालथ्या पडलेल्या माणसाचा वेग ताशी दोनशेच्या आसपास थबकतो. पॅराशूट उघडले की तो सेकंदाला पाच-सहा मीटरवर येतो, म्हणजे दोन मिलिमीटरच्या थेंबापेक्षाही थोडा कमीच. सत्तर किलोचा माणूस त्या थेंबाच्या दीड कोटीपटींहून जड आहे. तरी कापडाची पुरेशी मोठी घडी डोक्यावर उघडली की दोघे जवळजवळ एकाच चालीने उतरतात.

उलट बाजूने, हवाच नसेल तर काय होते तेही पाहून झाले आहे. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बॉमगार्टनरने ३९ किलोमीटर उंचीवरून उडी टाकली. तिथे हवा अगदी विरळ, म्हणून वेग ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत, ध्वनीच्याही पुढे गेला. मग खालची दाट हवा लागली आणि पडता पडता तो आपोआप मंद होत गेला.

एका सेंटीमीटरचा जिल्हाभर हिशेब

आता थेंब सोडून जिल्हा घेऊ. कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर. शिरोळकडे पाऊस तुटपुंजा, गगनबावड्याला धो धो, पण हिशेबासाठी सगळीकडे सारखा एक सेंटीमीटर पडला असे धरू. पाणी होते सुमारे ७ कोटी ६८ लाख टन, म्हणजे २.७ टीएमसी (अब्ज घनफूट). राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी आहे. जिल्हाभर तीन सेंटीमीटर पाऊस म्हणजे जवळपास एक भरलेले राधानगरी आभाळातून खाली आले.

त्या एका सेंटीमीटरमध्ये थेंब किती? दोन मिलिमीटरच्या मापाने १८,३०० लाख कोटी. लाख-कोटीची भाषा इथे अपुरी पडते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत स्थाने दिली आहेत, त्या रीतीने हा आकडा एक मध्य, आठ अंत्य, तीन जलधी असा वाचावा लागेल.

आणि ऊर्जा? एवढे पाणी दोन किलोमीटर उतरते तेव्हा सुमारे ४२ कोटी युनिट ऊर्जा मोकळी होते. शेजारच्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. सगळी जनित्रे रात्रंदिवस पूर्ण भाराने चालवली तर एवढी वीज तयार करायला कोयनेला जवळजवळ नऊ दिवस लागतील. आपल्याकडे पावसाळ्यात एक सेंटीमीटर पाऊस दुपारच्या चहाआधी पडून जातो.

ही ऊर्जा जाते कुठे? जमिनीपर्यंत तर ती पोहोचत नाही. साडेसहा मीटर वेगाने आलेल्या थेंबाकडे मूळ ऊर्जेचा नऊशे अठ्ठाविसावा भाग उरलेला असतो. शंभर रुपये घेऊन निघालेला गडी अकरा पैसे घेऊन घरी पोहोचावा, तसा हा प्रकार. बाकीचे ९९ रुपये ८९ पैसे वाटेत हवेला मिळाले. थेंबामागे हवेत बारीक भोवरे उठतात, ते विरतात आणि त्यांची उष्णता होते. मग हवा तापत का नाही? तापते, पण दोन किलोमीटर उंचीची हवाही वजनदार आहे: एका चौरस मीटरवर दोन टनांहून जास्त. नऊ दिवसांची कोयना तीत ओतली तरी तापमान एक दशांश अंशानेही वाढत नाही, आणि पावसाचे बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट गारवा आणते. मात्र पृथ्वीच्या पातळीवर हा खर्च मोठा आहे. पाउलुइस आणि डायस या शास्त्रज्ञांनी २०१२ साली उपग्रहाच्या नोंदींवरून काढले, की उष्ण कटिबंधात पडत्या पावसामुळे दर चौरस मीटरला सरासरी १.८ वॅट ऊर्जा हवेत विरते. मोठ्या वाऱ्यांची ऊर्जा ज्या प्रमाणात घर्षणात विरते, त्याच तोडीचा हा आकडा आहे.

हवेची ही सत्ता पाणी थेंबाच्या रूपात असेपर्यंतच. वस्तू मोठी झाली की वजन घनाने वाढते आणि हवेला भिडणारे क्षेत्र वर्गाने, म्हणून मोठ्याला हवा रोखू शकत नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटते, सातही उघडले की दहा हजार घनफूट. त्या लोंढ्याला हवेचा रोध जवळजवळ शून्य. मग थेंबाथेंबाने हळुवार उतरलेले तेच पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते आणि राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी, ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते. २०१९ आणि २०२१ मध्ये ते पन्नास फुटांच्याही वर गेले. आभाळातून येताना ज्याने कुणाच्या टोपीलाही धक्का लावला नाही, त्या पाण्याने घरे पाडली.

उरलेले अकरा पैसे

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते उरलेले अकरा पैसे. गगनबावड्यातल्या एका गुंठ्यावर वर्षाला पाचशे टन पाणी पडते. हवा नसती तर त्या गुंठ्यावर २,७५० युनिट ऊर्जेचा मारा झाला असता. प्रत्यक्षात पोहोचतात जेमतेम तीन युनिट. तीन युनिट म्हणजे विजेच्या बिलात न दिसणारी रक्कम. पण हे तीन युनिट बारा हजार कोटी ठोक्यांत विभागून येतात, आणि प्रत्येक ठोका उघड्या मातीचे कण फोडून उडवतो. सुटलेली माती उतारावरून ओढ्यात जाते, ओढ्यातून धरणात.

झाडे असली की झाले, असे वाटेल, पण त्याच समीकरणाचे उत्तर वेगळे आहे. उंच झाडाच्या पानांवर पाणी गोळा होऊन पाच मिलिमीटरचे टपोरे थेंब ठिबकतात. दाजीपूरच्या जंगलातल्या दहा मीटर उंच फांदीवरून सुटलेला असा थेंब जमिनीवर येईपर्यंत ८.७ मीटर वेग, म्हणजे आपल्या कमाल वेगाच्या ९५ टक्के, पुन्हा कमावतो. जंगलातली माती वाचते ती खाली पडलेल्या पाल्यामुळे. दोन मीटर उंचीच्या पिकावरून ठिबकणारा थेंब ६१ टक्के वेग मिळवतो. फूटभर उंचीच्या गवतावरून पडला तर मात्र त्याची ऊर्जा कमाल ऊर्जेच्या सात टक्केच असते. आच्छादन थेट जमिनीवर पसरलेले असेल, तर थेंबाला पडायला उंचीच उरत नाही.

म्हणून उसाची तोडणी झाल्यावर पाचट पेटवण्याआधी हा हिशेब एकदा मनात करावा. दोन किलोमीटरच्या पडण्यातली ९९.९ टक्के ऊर्जा हवा फुकट झेलते आणि उरलेली झेलायला खोडव्याच्या सरीत पसरलेले पाचट पुरते. ते जाळू नका.